बघणाऱ्यांचे सर

सर गेले त्याच्या पंधराव्या दिवशी आर्वीत त्यांची शोकसभा झाली, आणि शोकसभेत भांडण झालं.

सभा कॉलेजच्या हॉलमध्ये होती. टेबलावर सरांचा फोटो, फोटोला झेंडूचा हार. ओळखपत्रावरचा छोटा फोटो मोठा करून आणलेला, त्यामुळे सर त्यात भेदरल्यासारखे दिसत होते. पहिल्या रांगेत, बायकांच्या बाजूला, सरांच्या पत्नी बसल्या होत्या. आम्ही त्यांना काकू म्हणायचो. डोक्यावरून पदर घेतलेला, नजर खाली. बाकी सारा हॉल पुरुषांनी भरला होता. कापूस बाजारातले अडते, एसटी डेपोतले कंडक्टर, मास्तर, शिंपी, दोन वकील, आणि मी.

संस्थेचे एक पदाधिकारी बोलायला उभे राहिले. "आपल्या तालुक्याने एक थोर फुटबॉलपटू गमावला," असं त्यांनी म्हटलं मात्र, मागून एक अडत्या उठला.

"साहेब, माफ करजा. सरनं उभ्या जिंदगीत बॉलले पाय लावला नाई. आज तरी खोटं नोका बोलू."

"लावलता," दुसऱ्या कोपऱ्यातून आवाज आला. "बॉल नालीत चाललता तवा चपलेनं अडवलता. मी होतो तठी."

"अडवणं निराळं, मारणं निराळं!"

"पाय लागला का नाई लागला?"

पाच मिनिटं हेच चाललं. पदाधिकारी घाम पुसत उभे राहिले. मला मात्र फार बरं वाटत होतं. ही सगळी माणसं सरांनी घडवलेली होती, आणि भांडणाऱ्यांतला एकही जण कधी फुटबॉल खेळलेला नव्हता.

आमच्या कॉलेजात फुटबॉल चुकून आला. सर मूळचे रोहण्याच्या शेतकरी घरातले. शारीरिक शिक्षणाची पदवी घेऊन कॉलेजात लागले तेव्हा त्यांच्याकडून अपेक्षा होती ती कबड्डीची आणि सव्वीस जानेवारीच्या कवायतीची. पंधराएक वर्षं त्यातच गेली. सत्तरचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. कॉलेजने नागपूरच्या दुकानातून सहा व्हॉलीबॉल मागवले आणि पार्सलमधून निघाले सहा फुटबॉल. दुकानदार बदलून द्यायला तयार होता. सरांनी पार्सल उघडून पाहिलं, एक चेंडू कानाशी धरून हलवला, आणि म्हणाले, "आता आलेच आहेत, तर राहू द्या."

त्यानंतर काही महिने ते दर रविवारी पुलगावला जाऊन फौजी जवानांचा खेळ बघत बसायचे. खेळायचे नाहीत. नुसते बघायचे. तेवढ्या भांडवलावर ते आमचे कोच झाले. पायात कायम कातडी चप्पल. कोणी बुटांबद्दल विचारलं तर म्हणायचे, "बूट खेळणाऱ्याले लागते. मी कुठी खेळून राह्यलो?"

त्यांची शिकवण्याची भाषा सगळी शेतातली होती. मैदानाची कडेची रेघ म्हणजे धुरा. "धुऱ्याधुऱ्यानं जाय बे!" असं ते विंगरला ओरडायचे. मधला भाग म्हणजे वावर. एकाच खेळाडूने चेंडू फार वेळ पायाशी ठेवला की ते कपाळाला हात लावायचे. "अबे, सारं बी एकाच जागी काऊन टाकून राह्यला? पेरत जाय, पेरत!" बाहेरगावचे संघ हे ऐकून हसायचे. पहिल्या हाफनंतर हसायचे नाहीत.

मी कॉलेजात आलो तो फुटबॉलची स्वप्नं घेऊन. निवड चाचणीत मी तीन वेळा चेंडू मारला. पहिला बाजूच्या नांगरलेल्या वावरात गेला, दुसरा चहाच्या टपरीवर गेला, तिसरा माझ्या स्वतःच्याच दुसऱ्या पायाला लागून थांबला. सरांनी मला जवळ बोलावलं.

"तुह्या पायात ताकद आहे. दिशा नाई."

"सर, प्रॅक्टिस करतो ना."

"दिशा प्रॅक्टिसनं येत नाई. पण मघा बाकीचे पोट्टे मारून राह्यले होते तवा तू डोळे फाडून पायत होता. तुले पाहता येते. बुधवारी पाच वाजता येजो. बघणाऱ्यात घेतो तुले."

मला वाटलं, माझी समजूत काढतात. बुधवारी गेलो तर मैदानाच्या कडेला, कडुनिंबाखाली, चाळीसेक माणसं बसली होती. पोरं होती, प्रौढ होते, एक अडत्या तर दुकान बंद करून आला होता. सरांच्या हातात हजेरीपट होता. सर बघणाऱ्यांचा वर्ग घेत होते.

त्यांचं म्हणणं सरळ होतं. खेळणारे अकरा असतात, बघणारे हजार. अकरांना शिकवायचं आणि हजारांना तसंच सोडायचं, हा कुठला न्याय? त्यांचे नियम होते. सामना संपेपर्यंत कोणी उठायचं नाही. आयाबहिणींवरून शिव्या नाहीत. समोरच्या संघाने चांगला खेळ केला तर टाळी वाजलीच पाहिजे, आणि ती ऐकू आली पाहिजे. सरावाचा सामना चालू असताना ते मधेच कुणावर तरी बोट रोखायचे.

"बॉल कुठी आहे बे?"

"सर, त्यांच्या गोलजवळ."

"नापास. आपला लेफ्टबॅक कुठी आहे?"

ते ज्याला सांगता आलं तो पास. बॉलकडे तर बैलही बघते, असं त्यांचं मत होतं. बॉल नसलेला माणूस काय करतो ते बघायचं. महिनाभर आम्ही मान अवघडेपर्यंत चेंडू सोडून सगळीकडे बघत होतो. त्या काळात झालेले गोल आमच्यापैकी कोणीच पाहिले नाहीत.

गैरहजर राहिलं तर चिठ्ठी जायची. एका कंडक्टरला चिठ्ठी थेट डेपोत गेली, "आपण मागील बुधवारी विनापरवानगी अनुपस्थित होता." त्याने ती साहेबांची नोटीस समजून घाबरून उत्तर लिहिलं. सरांनी ते उत्तर वाचलं, खाली "समाधानकारक" असा शेरा मारला आणि फाइलला लावून ठेवलं.

जिंकल्यावर सर चिडचिडे व्हायचे. "जिंकलं का माणसाले दिसायचं बंद होते," म्हणायचे, आणि त्या संध्याकाळी कोणाची खैर नसायची. हरल्यावर मात्र एकेकाजवळ जाऊन विचारायचे, "कसं वाटलं? काय दिसलं तुले?" खेळाडू आणि बघे दोघांनाही तोच प्रश्न. मी त्यांना पाच मिनिटं उत्तर देत असे आणि ते लक्ष देऊन ऐकत. माझं म्हणणं इतकं लक्ष देऊन तोपर्यंत कोणी ऐकलं नव्हतं, घरी तर नाहीच.

आमचा हुकमी खेळाडू होता उईके. आर्वीच्या पलीकडे जंगलकाठच्या गावचा गोंड मुलगा, कमी बोलणारा, आणि पाय असा की चेंडू त्याला विचारल्याशिवाय कुठे जात नसे. घरी तो गोंडी बोलायचा. सरांना एक युक्ती सुचली. चार सूचना गोंडीतून द्यायच्या, म्हणजे समोरच्यांना कळणार नाहीत. उईकेकडून ते आठ दिवस शब्द शिकले. पण सरांचा उच्चार इतका अगाध होता की सामन्यात त्यांनी पहिली सूचना ओरडली आणि उईके मैदानातच पोट धरून हसायला लागला. चेंडू गेला, गोल झाला. युक्ती तिथेच संपली.

आणि दुसरी गोष्ट पेनल्टीची. गोलरक्षक एकटा, मारणारा एकटा, मधे बारा पावलं. हा प्रकार सरांना बघवत नसे. पेनल्टी मिळाली की, मग ती आपली असो की समोरच्यांची, ते गोलच्या कोपऱ्यापर्यंत चालत यायचे, मैदानाकडे पाठ करायचे आणि आमच्याकडे तोंड करून उभे राहायचे. आमचे चेहरे बघून त्यांना निकाल कळायचा. फोटोतला भेदरलेला चेहरा खराखुरा पाहायचा तर तो तेव्हाच.

मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला असताना आम्ही जिल्ह्याच्या फायनलला पोचलो. आणीबाणी संपून एखाद-दुसरं वर्ष झालं असेल. सामना आमच्याच मैदानावर होता. कापूस बाजार दुपारीच ओस पडला. बघणाऱ्यांचा आमचा वर्ग गोलच्या कोपऱ्याजवळ, धुऱ्याला लागून बसला होता आणि सरांच्या शिकवणुकीप्रमाणे चेंडू सोडून बाकी सगळं बघत होता.

दोन्हीकडे शून्य. संपायला सात-आठ मिनिटं राहिली असतील, आणि उईकेला त्यांच्या गोलसमोर कोणीतरी पाडलं. पेनल्टी.

सर आले, पाठ केली, आमच्याकडे तोंड करून उभे राहिले. मी गोलरक्षकाकडे बघत होतो. तो लांब हातांचा, शांत मुलगा होता, आणि त्याच्या शांतपणाचा मला एकदम संताप आला. हाताखाली वावरातलं काळ्या मातीचं वाळलेलं ढेकूळ होतं. उईके धावत निघाला आणि मी ते ढेकूळ भिरकावलं.

का, ते मला आजही सांगता येत नाही. विचार करून केलं असतं तर हातून झालं नसतं.

ढेकूळ गोलरक्षकाच्या डोळ्यावर बसलं आणि फुटलं. चेंडू जाळीत गेला. गाव उभं राहिलं. टोप्या उडाल्या. गोलरक्षक मात्र डोळा धरून खाली बसला होता आणि आमच्या बाजूला हात दाखवत होता. पंचांचं लक्ष चेंडूवर होतं, त्यांनी काही पाहिलं नव्हतं. आमची माणसं सांगू लागली, धूळ गेली असेल, खांबाला लागला असेल. पंच सरांकडे आले.

"सर, तुम्ही काही पाहिलं?"

सगळं मैदान निर्धास्त झालं. सर पेनल्टी बघत नाहीत हे अख्ख्या जिल्ह्याला माहीत होतं. "मी पाहिलं नाही" एवढं म्हणायचं होतं, आणि ते खरंही ठरलं असतं.

सर म्हणाले, "पेनल्टी नाही पाहिली. ढेकूळ पाहिलं. ते आमच्याकडून आलं."

"कोणी मारलं?"

"आमच्या टीमच्या माणसाने."

त्यांनी नाव घेतलं नाही. माझ्याकडे पाहिलंही नाही. मी उभा होतो आणि माझ्या हाताला माती लागलेली होती.

गोल रद्द झाला. पेनल्टी पुन्हा घ्यायची ठरली. गोलरक्षकाने डोळ्यावर ओला रुमाल बांधला. उईकेने चेंडू ठेवला, उचलला, पुन्हा ठेवला. मारला तो हलका, बरोबर गोलरक्षकाच्या हातात. एका डोळ्याने त्याने तो अडवला. पुढच्या चार मिनिटांत त्यांनी गोल केला आणि आम्ही फायनल हरलो. उईके तिथेच मैदानात पालथा पडून राहिला. सर त्याच्याजवळ जाऊन बसले. काय बोलले ते कोणाला ऐकू आलं नाही.

गावाने सरांशी बोलणं टाकलं. टपरीवर ते आले की माणसं उठून जायची. "आपल्याच माणसानं आपल्याले बुडवलं," असं त्यांच्या देखत म्हणायची. ढेकूळ कोणी मारलं याचा फारसा तपास झाला नाही, कारण राग काढायला सर होतेच.

पुढच्या बुधवारी पाच वाजता कडुनिंबाखाली मी एकटाच होतो. सर आले. हजेरीपट उघडला आणि पहिल्या नावापासून हजेरी घेऊ लागले. नाव वाचायचे, मान वर करून रिकाम्या जागेकडे बघायचे, आणि 'गैरहजर' लिहायचे. अशी चाळीसेक नावं. माझं नाव शेवटून तिसरं होतं. तोपर्यंत माझा धीर संपला.

"हजर सर," मी म्हटलं. "सर, मी मारलं ते."

"मालूम आहे," सर म्हणाले, आणि उरलेली दोन नावं वाचून हजेरीपट मिटला. "मी तुमच्याकडंच तोंड करून उभा होतो ना बे. आता सांग, त्याईचा गोल झाला तवा आपला लेफ्टबॅक कुठी होता?"

मी रडत रडत लेफ्टबॅक कुठे होता ते सांगितलं. त्यांनी ते बरोबर आहे म्हणून मान हलवली. मग म्हणाले, "रविवारी सकाळच्या गाडीनं जामले जाऊ. त्या पोट्ट्याचं घर आहे तठी. माफी मागायची तर तोंडानं मागायची, चिठ्ठीनं नाई."

वर्ध्याला बस बदलून आम्ही जामला पोचलो तेव्हा ऊन चढलं होतं. चौकात नागपूरकडचे आणि हैद्राबादकडचे ट्रक उभे होते. गोलरक्षकाच्या बापाचं तिथे चहा-भज्यांचं दुकान होतं. तो स्वतःच कढईसमोर बसून भजे काढत होता. एक डोळा सुजून वांग्यासारखा झालेला.

मी पाठ करून आणलेलं बोलायला सुरुवात केली. त्याने झारा थांबवून ऐकून घेतलं.

"तुमी होते का ते?" तो म्हणाला. "नेम मस्त आहे तुमचा."

"चुकलं माझं. खरंच चुकलं."

"जाऊ द्या. तसंई मी चुकलोच होतो. मी उजवीकडं उडी टाकून राह्यलो होतो अन् त्याचा बॉल गेला डावीकडं. ढेकूळ नसतं लागलं, तरी गोल होताच."

मी सरांकडे पाहिलं. सर माझ्याकडे बघत होते. मग त्यांनी चहाचा ग्लास खाली ठेवला, कारण हातात धरवेना. असे हसले, असे हसले, की दोन ट्रक ड्रायव्हर खाटेवरून उठून बघायला आले.

"म्हंजे तुह्या ढेकळानं हरलो बे आपण!" ते म्हणत होते. "नुसता बसून राह्यला असता, तर जिंकलो असतो!"

गोलरक्षकही हसायला लागला आणि सुजलेला डोळा धरून "आई गं" करू लागला. मला हसावं की कढईत उडी घ्यावी ते कळेना. परतीच्या बसमध्ये सर थोडा वेळ गप्प राहायचे, की पुन्हा खांदे हलायला लागायचे. वर्ध्याच्या स्टँडवर म्हणाले, "तुह्या पायाले दिशा नाई म्हून तुले घेतलं नाई. हाताले एवढी असन हे मले कुठी मालूम!"

आर्वी जवळ आली तसे ते शांत झाले.

"उईकेले सांग हे. आता नोको. आता तो तुले धरून हाणन, अन् परीक्षा जाईन दोघाची. परीक्षा झाली का सांगजो. मी सांगनार नाई. ते तुह्यं काम आहे."

परीक्षा झाली. मी सांगितलं नाही. उईके वनखात्यात लागला, मी तालुक्याच्या शाळेत मराठी शिकवू लागलो. गावाचा राग हळूहळू उतरला, कडुनिंबाखालचा वर्ग पुन्हा भरू लागला. सर भेटले की विचारायचे, "सांगतलं का?" मी म्हणायचो, "नाही सर." ते म्हणायचे, "बरं." दोन-तीन वर्षांनी त्यांनी विचारणं सोडलं. मला वाटलं, विसरले. उईके सुट्टीवर आला की आम्ही भेटायचो, चहा प्यायचो. कधीतरी तो म्हणायचा, "ती दुसरी पेनल्टी..." आणि मी विषय बदलायचो. त्यात मी तरबेज झालो होतो.

अशी दहा वर्षं गेली. सर निवृत्त झाले. निवृत्तीनंतरच्या दुसऱ्या हिवाळ्यात रोहण्याला तूर बघायला म्हणून वावरात गेले, बांधावर बसले, आणि तिथेच गेले.

तर ती शोकसभा. नालीतल्या चेंडूचा वाद मिटल्यावर उईकेला बोलायला बोलावलं. तो जंगलातून थेट आला होता, खाकी कपड्यांतच. त्याला भाषण येत नव्हतं.

"सरले मी एक फायनल देऊ शकलो नाई," तो म्हणाला. "एकच पेनल्टी दोनदा भेटली मले. दुसऱ्याखेपी पाय कापला माह्या. सर मले कधी काई म्हटले नाई. म्हटले असते तर बरं झालं असतं."

आणि तो खाली बसायला निघाला. मी उभा राहिलो. माझं नाव वक्त्यांच्या यादीत नव्हतं.

"ते ढेकूळ मी मारलं होतं," मी म्हटलं. "सरांना माहीत होतं. आणि उईके, पहिल्या वेळेला तो गोली चुकीच्या बाजूला उडी टाकत होता. त्याने स्वतः सांगितलं आम्हाला, जामला. तुझा तो गोल खरा होता. ढेकळाशिवायसुद्धा झालाच असता. तुझ्या पायाने नाही हरलो आपण."

मग मागचा अडत्या उठला.

"तू होता का बे तो!" तो गरजला. "अन् आमी सरले नाई नाई ते बोललो!"

पुढचं सांगण्यासारखं नाही. चाळीस-पन्नास माणसं एकदम उभी राहिली. कोणी मला शिव्या देत होतं, कोणी शिव्या देणाऱ्याला सरांचा नियम ऐकवत होतं, दोघे वकील एकमेकांनाच जाब विचारत होते. पदाधिकारी "शांतता, शांतता" म्हणत होते. उईके भिंतीला टेकून उभा होता आणि माझ्याकडे बघत होता. त्या नजरेसमोर मला हॉलमधला गोंधळ बरा वाटत होता.

तेवढ्यात पहिल्या रांगेतून काकूंचा आवाज आला. मोठा नव्हता, पण बाईचा होता, म्हणून सगळे थांबले.

"पेनल्टी म्हंजे काय असते?"

उभी राहिलेली माणसं एकेक करून खाली बसली.

"नाई, सहज विचारलं," काकू म्हणाल्या. "सतरा-अठरा वर्षं घरात हा शब्द ऐकला. झोपेतई म्हनत हे. पण काय असते ते मले कोणं सांगतलं नाई."

"काकू, तुम्ही मैदानावर कधी..." मी विचारलं.

"कशी येऊ? एक बाई तठी बसे का? अन् ह्याईनं कधी चाल म्हटलं नाई. जेवायले वाढलं का तुमच्या हजेऱ्या सांगत. कोण आलता, कोण नाई. तुमची सारी नावं पाठ आहेत मले. खेळ तेवढा पाह्यला नाई."

साऱ्या आर्वीला बघायला शिकवणारा माणूस. हॉलमधल्या एकालाही वर मान करवेना. कारण सरांना सुचलं नाही ते आम्हालाही कधी सुचलं नव्हतं. शेवटी अडत्याने समजावून सांगायचा प्रयत्न केला. "काकू, समजा हा गोल..." लगेच तिघांनी त्याची चूक काढली.

उईके भिंतीपासून पुढे आला.

"काकू, उद्या सरच्या नावानं सामना आहे. जुने पोट्टे अन् आताचे. चार वाजता मी घ्यायले येतो तुमाले." मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "अन् हा तुमच्याजवळ बसन. खेळता येत नाई याले, सांगता येते."

दुसऱ्या दिवशी काकू आल्या. एकट्या नाही आल्या, शेजारच्या दोघींना घेऊन आल्या. टपरीवाल्याने खुर्ची आणून ठेवली होती, ती त्यांनी बाजूला सारली आणि गवतावर पदर सावरून बसल्या. मी शेजारी बसलो. शिकवायची सगळी तयारी करून आलो होतो.

शिकवायला काही मिळालंच नाही. "तो पोट्टा पडला, उचलत काऊन नाई कोणी?" "तो काळ्या कपड्याचा माणूस कोनाकडचा? कोनाकडचा नाई? मंग पयते कायले?" "आपले कोणते? दोनी आपले? मंग भांडण कशाचं?" मी एका प्रश्नाचं उत्तर देईपर्यंत पुढचे दोन यायचे. मग हळूहळू प्रश्न कमी झाले. मी बोलत होतो आणि काकू ऐकत नव्हत्या. हात गुडघ्यावर घट्ट, मान चेंडूबरोबर इकडून तिकडे. जुन्यांपैकी कोणीतरी गोल केला तेव्हा शेजारणीचा हात धरून त्या अर्ध्या उठल्या आणि लाजून पुन्हा बसल्या.

मधल्या सुट्टीत उईके आला आणि माझ्या बाजूला गवतावर पाय पसरून बसला. गुडघा खरचटला होता. तो त्यावरची माती झटकत राहिला.

"दहा वर्षं बे," शेवटी म्हणाला.

"हो."

"झोपेत मारतो मी ते पेनल्टी. बायकोले लाथ बसते."

मी पाण्याच्या तांब्याशी चाळा करत राहिलो.

"हरामखोर आहे तू," तो म्हणाला. मग हात पुढे केला. "पानी दे."

मी तांब्या दिला. तो अर्धा प्याला, अर्धा गुडघ्यावर ओतला आणि उठून गेला.

सामना संपला. त्या दिवशी एकही पेनल्टी झाली नाही. उईके घामाघूम काकूंसमोर येऊन उभा राहिला.

"काकू, पेनल्टी राह्यली दाखवायची. थांबा, आत्ता मारून दाखवतो."

काकूंनी मावळतीकडे पाहिलं. "आता नोको. दिवाबत्तीची वेळ झाली. उद्या दाखवा."

त्या निघाल्या. शेजारणींशी काहीतरी बोलत, हातवारे करत, फाटकातून बाहेर गेल्या. आम्ही तिथेच उभे राहिलो. उद्या सामना नव्हता. उद्या उईकेला कामावर हजर व्हायचं होतं, अडत्याचा बाजाराचा दिवस होता, जुन्या खेळाडूंपैकी निम्मे आताच लंगडत होते. पण हे काकूंना सांगायला कोणी गेलं नाही.

उईकेने डेपोतल्या कंडक्टरच्या हाती रजेचा अर्ज पाठवला. दुसऱ्या दिवशी साडेचारला मी मैदानावर पोचलो तर बावीस माणसं जमली होती, कोणाच्या गुडघ्याला पट्टी, कोणाच्या कमरेला मफलर बांधलेला. अडत्या चुन्याची रेघ ओढत होता. पाच वाजता फाटकातून काकू आल्या. मागे गल्लीतल्या सहा बायका होत्या, एकीच्या कडेवर मूल.

"झालं का सुरू?" काकूंनी लांबूनच विचारलं.

"नाई काकू," उईके म्हणाला. "तुमच्यासाठीच थांबलो होतो."